पेपर विकला गेला की गावच्या बातमीचं काय होतं?

नेवाडाकर

नमस्कार मंडळी. आम्ही लास वेगासला लागून असलेल्या हेंडरसनमध्ये राहतो. इथला मुख्य पेपर 'लास वेगास रिव्ह्यू-जर्नल'. शाळा मंडळाचे निर्णय, पाण्यावरचे निर्बंध, कसिनोतल्या कामगारांचे करार, कोर्टातले खटले हे सगळं त्यातूनच कळतं. या पेपरच्या विक्रीची हकिगत मराठीत नीट मांडलेली माझ्या वाचनात आली नाही, म्हणून लिहितो. नंतर तुमच्याकडचं ऐकायचं आहे.

२०१५ या एकाच वर्षात पेपरचा मालक दोनदा बदलला. आधी स्टीफन्स मीडिया ही पेपरांची अख्खी साखळी गेटहाउस या पेपर-समूहाच्या मूळ कंपनीने १० कोटी २५ लाख डॉलरला घेतली. डिसेंबरमध्ये त्या साखळीतला हा एकटा पेपर पुढे १४ कोटी डॉलरला विकला. पेपरांचा खप आणि जाहिराती सगळीकडे घसरत असताना एवढे पैसे कोण आणि कशासाठी मोजतंय, हे कोणालाच कळेना. खरेदीदार म्हणून एका नव्या कंपनीचं नाव होतं, तिच्यामागे कोण आहे ते गुलदस्त्यात. कंपनीचे व्यवस्थापक मायकेल श्रोडर यांनी कर्मचाऱ्यांना सांगितलं की मालक कोण याची चिंता करू नका, आपापली कामं करा.

पत्रकारांनी आपल्याच मालकाचा शोध घेतला आणि तो आपल्याच पेपरात छापला. आठवड्याभरात नाव बाहेर आलं: शेल्डन ॲडेल्सन. लास वेगास सँड्स या कसिनो कंपनीचे तेव्हाचे प्रमुख आणि रिपब्लिकन पक्षाचे बडे देणगीदार. व्यवहार त्यांच्या जावयाने जुळवला होता.

त्यानंतर जे छापून आलं ते वाचून मी खरोखर हादरलो. विक्री जाहीर होण्याच्या महिनाभर आधी पेपरच्या तीन वार्ताहरांना वरून हुकूम आला होता की हातातलं सोडा आणि इथल्या तीन न्यायाधीशांच्या कोर्टात बसून त्यांच्या कामावर लक्ष ठेवा. त्यातल्या एक होत्या एलिझाबेथ गोन्झालेझ. ॲडेल्सन यांच्या कंपनीविरुद्धचा एक मोठा खटला त्यांच्यासमोरच चालू होता. आमच्या पेपरात त्यातलं काही छापलं गेलं नाही. पण हजारो मैलांवरच्या कनेक्टिकटमधल्या एका छोट्या पेपरात त्याच न्यायाधीशांवर टीका करणारा लांबलचक लेख आला. तो पेपर श्रोडर यांचा. लेखकाचं नाव एडवर्ड क्लार्किन, आणि या नावाचा पत्रकार शोधूनही कोणाला सापडला नाही. क्लार्किन हे श्रोडर यांच्या आईचं माहेरचं आडनाव निघालं.

संपादक माइक हेंगल डिसेंबरातच स्वेच्छानिवृत्तीचे पैसे घेऊन बाहेर पडले. ॲडेल्सन कुटुंब मालक आहे हे वाचकांना सांगणारी चौकट तिसऱ्या पानावर येत असे, ती नव्या प्रकाशकाने काढून टाकली. एप्रिल २०१६ मध्ये जॉन एल. स्मिथ या जुन्या स्तंभलेखकाने राजीनामा दिला. ॲडेल्सन यांनी पूर्वी त्यांच्यावर बदनामीचा दावा लावला होता, म्हणून 'त्यांच्याबद्दल लिहायचं नाही' असं त्यांना सांगितलं गेलं. मग दुसरे कसिनोसम्राट स्टीव्ह विन यांच्यावरही लिहायचं नाही, असं ठरलं. वेगासमध्ये स्थानिक स्तंभ लिहायचा आणि या दोघांना वगळायचं, तर लिहायचं कशावर?

तुमच्या शहरातला, जिल्ह्यातला पेपर विकला गेला तेव्हा नेमकं काय बदललं? अग्रलेख सोडून द्या. मला आतल्या पानांबद्दल ऐकायचं आहे.

रानवारा

वाचनखूण साठवली. मालकाची चौकट काढून टाकली हे वाचून फार वाईट वाटलं. बाकी सगळं एक वेळ वादाचं असेल, पण ही चौकट म्हणजे वाचकाचा साधा हक्क आहे.

आकडेमोड

लेख आवडला, पण एका पेपरवरून सरसकट निष्कर्ष काढायला माझा विरोध आहे. गेंट्झको आणि शपिरो या दोन अर्थशास्त्रज्ञांचा २०१० सालचा अभ्यास जरूर वाचा. अमेरिकेच्या संसदेत कुठल्या पक्षाचे लोक कुठले शब्दप्रयोग जास्त वापरतात ते त्यांनी काढलं आणि शेकडो दैनिकांत ते किती येतात ते मोजलं. पेपरचा कल वाचकांच्या कलाप्रमाणे असतो, मालक कोण याने फारसा फरक पडत नाही, असं दिसलं. एकाच मालकाचे दोन शहरांतले पेपर एकमेकांसारखे नव्हते, आपापल्या शहरासारखे होते.

उलट बाजूचाही पुरावा आहे. मार्टिन आणि मॅक्क्रेन यांनी २०१९ मध्ये टीव्ही वाहिन्यांवर अभ्यास प्रसिद्ध केला. सिंक्लेअर कंपनीने २०१७ मध्ये ज्या स्थानिक वाहिन्या घेतल्या, तिथे स्थानिक राजकारणाच्या बातम्या घटून राष्ट्रीय राजकारणाच्या वाढल्या आणि मांडणी उजवीकडे सरकली. त्याच गावातल्या इतर वाहिन्यांवर तसं झालं नाही. म्हणजे मालकाचा परिणाम होतो. पण नेहमी आणि सगळीकडे होतो, असं म्हणता येणार नाही.

नेवाडाकर

@आकडेमोड, दोन्ही अभ्यास मोलाचे आहेत. पण पहिल्यात मोजले आहेत ते देशाच्या राजकारणातले शब्द. अमुक न्यायाधीश, अमुक खटला, अमुक स्टेडियम यांचं काय झालं ते त्या गाळणीत येतच नाही. २०१६ मध्ये इथल्या विधिमंडळाने फुटबॉल स्टेडियमसाठी हॉटेल-खोल्यांवरच्या करातून ७५ कोटी डॉलर द्यायला मंजुरी दिली, तेव्हा ॲडेल्सन स्वतः त्या प्रकल्पात पैसे घालणार होते. पुढे २०१७ च्या सुरुवातीला ते बाहेर पडले, तो भाग वेगळा. अशा विषयावर शहरातला मुख्य पेपर किती खोलात जातो, हे डावं-उजवं मोजून कसं कळणार?

मांडवीकाठ

गोव्याचं लिहिते. आमच्याकडे मुक्तीनंतर पेपर काढण्याइतकं भांडवल प्रामुख्याने खाणमालकांच्याच हातात होतं. 'गोमन्तक' १९६२ साली चौगुल्यांनी काढला, 'नवहिंद टाइम्स' १९६३ साली धेंपोंनी, त्यांचाच मराठी 'नवप्रभा' नंतर आला. तेव्हा मालकाचं हित आणि पेपर हा विषय गोव्यात कोणाला नवा नाही.

उघड बाजू घेणं वेगळं, हे आधी सांगते. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात 'गोमन्तक' महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने उभा होता आणि मडगावचा 'राष्ट्रमत' विरोधात. दोन्ही मराठी पेपर. उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर 'राष्ट्रमत'मध्येच यायचं. १,७२,१९१ मतं संघप्रदेशाच्या बाजूने पडली, १,३८,१७० विलीनीकरणाच्या. तो झगडा कडवट होता, पण कोण कुठे उभा आहे हे वाचकाला पेपर हातात घेतानाच ठाऊक होतं. माझ्या घरी दोन्ही यायचे, असं वडील सांगत.

खाणींचं तसं नव्हतं. माझं माहेर खाणपट्ट्यातलं. पावसाळ्यात डंपचा (खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगाचा) लाल गाळ ओहळातून शेतात उतरायचा आणि भातावर बसायचा. पेपरात बातमी यायची (कुठल्या ते सांगत नाही) ती 'अतिवृष्टीमुळे शेतीचे नुकसान' अशी. पाऊस खरा होता, नुकसान खरं होतं, एकही शब्द खोटा नव्हता. डंप तेवढा बातमीत नव्हता. ट्रकखाली माणूस गेला की 'अपघातात एक ठार'. ट्रक कुठल्या खाणीचा, रस्त्यावर दिवसाला किती खेपा होतात, परवानगी किती टनांची, यातलं काही नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला आणि सुमारे ३५,००० कोटींच्या नुकसानीचा आकडा आला, तेव्हा बाहेरच्या लोकांना धक्का बसला. आमच्या गावात कोणालाही बसला नाही. एवढं सगळं ज्यांच्या अंगणात घडत होतं, त्यांच्याकडे दिल्लीहून आयोग यावा लागला.

आणखी एक. मालक न बदलताही त्याचा धंदा बदलू शकतो. धेंपोंनी २००९ मध्ये खाण-व्यवसाय सेसा गोवाला १,७५० कोटींना विकला, पेपर मात्र ठेवले. 'गोमन्तक' चौगुल्यांकडून पुढे सकाळ समूहाकडे गेला. म्हणून मालकाच्या नावापेक्षा त्याचे आज कुठे पैसे गुंतले आहेत, ते बघायला हवं.

बाजीरावरोड

उत्तम प्रतिसाद, मांडवीकाठ. पुण्याचं उदाहरण घालतो.

'सकाळ' नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ ला सुरू केला. अमेरिकेत शिकून आलेला हा माणूस. त्यांनी मतांपेक्षा बातमीला आणि देशापेक्षा शहर-जिल्ह्याला आधी जागा दिली. केंद्र सरकारने पानांच्या संख्येवर पेपरची किंमत बांधायचा कायदा केला, तेव्हा 'सकाळ' सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६१ मध्ये जिंकला. त्या निकालाचा दाखला आजही अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या खटल्यांत दिला जातो. परुळेकर १९७३ मध्ये गेले. १९८५ मध्ये पेपर पवार कुटुंबाकडे आला. भाग (शेअर) हस्तांतराचा वाद परुळेकरांच्या कन्येने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि त्याचा निकाल लागायला २००५ उजाडलं.

मला यात जे खुपतं ते सांगतो. सरकारने पेपरवर हात टाकला तर न्यायालय आहे. संस्थापकाच्या मागे पेपर कोणाकडे जावा, हा मात्र आपल्याकडे कंपनी कायद्यातला भागांचा प्रश्न उरतो. ज्या शहराचा तो पेपर, त्या शहराला त्यात काडीचंही स्थान नाही. दुसऱ्या प्रेस कमिशनने १९८२ मध्ये पेपर आणि इतर उद्योगधंदे यांची फारकत करा, असं सुचवलं. 'ट्राय' या दूरसंचार नियामकाने ऑगस्ट २०१४ मध्ये माध्यमांच्या मालकीवर सविस्तर शिफारशी दिल्या, त्यात राजकीय पक्षांना आणि त्यांच्याशी संबंधितांना दूर ठेवण्याची सूचना होती. त्यावर कायदा झालेला नाही. ज्यांनी तो करायचा त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या घरात पेपर आहेत.

माजी_वार्ताहर

मी एका जिल्हा दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. पेपरचं, गावाचं नाव विचारू नका. आमचा पेपर एका गटानं घेतला. त्या गटाच्या नातेवाइकांत साखर कारखाना होता.

'हे लिहू नको' असा फोन मला कधीच आला नाही. आधीपासून आमच्याकडं हंगामात एफआरपीची, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या उसाच्या किमान दराची, बातमी ठरलेली असायची. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे हा नियम, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. ते कोणी देत नाही. मी साखर आयुक्तालयाच्या यादीवरून कारखान्याचं नाव, थकलेली रक्कम आणि चेअरमनचं म्हणणं असं करून द्यायचो, जिल्हा पानावर लागायची. पेपर विकल्यावर पहिल्या हंगामात तीच बातमी पाठवली. लागली, पण नाव गेलं. 'जिल्ह्यातील काही कारखान्यांकडे थकबाकी' असं झालं. पुढच्या वेळी बातम्या तपासून पानात लावणाऱ्या डेस्कवरचा मुलगा म्हणाला, दादा, वरून विचारून सांगतो. त्यानं विचारलं की नाही मला माहीत नाही. बातमी शिळी झाली आणि गेली. त्यानंतर मीच पाठवणं बंद केलं. शेतकरी मला चौकात गाठून विचारायचे, या वर्षी यादी नाही आली? त्यांना काय सांगणार?

वाचणाऱ्यानं हे ध्यानात घ्या, की बातमी मारणारा माणूस सापडत नाही. डेस्क म्हणतो वार्ताहरानं पाठवली नाही, वार्ताहर म्हणतो डेस्कला नको असते, आणि मालकानं तर तोंडही उघडलेलं नसतं.

दुसरं म्हणजे जाहिरात. आम्हाला पगार नव्हता, मानधन नावापुरतं, खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. बॉयलर अग्निप्रदीपनाची अर्धं पान, गळीत शुभारंभाची पूर्ण पान, चेअरमनच्या वाढदिवसाची पुरवणी. नव्या मालकानं टार्गेट वाढवलं. ज्याच्याकडं दिवाळी अंकाच्या जाहिरातीला जायचं, त्याच्याच थकबाकीची बातमी कशी लिहिणार? हे जुन्या मालकाच्या वेळीही होतं, खोटं कशाला बोलू. पण तेव्हा संपादक मध्ये उभा राहायचा. नव्या घडीत आवृत्तीप्रमुख आणि जाहिरात व्यवस्थापक एकाच बैठकीला बसायला लागले.

रानवारा

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. काम का सोडलं हे विचारत नाही, पण हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

आकडेमोड

@माजी_वार्ताहर, तुमच्या उदाहरणाने माझा मुद्दा बदलतो. ही थकबाकीची यादी सरकारी आहे, म्हणजे ताडून बघता येते. यादीत नाव आहे आणि पेपरात नाही, असे किती हंगाम गेले, ते कुठल्याही जिल्ह्यात काढता येईल. शब्द मोजण्यापेक्षा ही कसोटी जास्त प्रामाणिक.

कातळशिल्प

रत्नागिरीहून. आमच्याकडे येऊ घातलेल्या तेल-रिफायनरीच्या निमित्ताने हे सगळं पाहिलं. फेब्रुवारी २०२० मध्ये 'सामना'त रिफायनरीची बाजू मांडणारी जाहिरात आली, शिवसेनेचा विरोध असताना. त्याच दिवशी गावागावांत बोंब झाली, पक्षाला खुलासा करावा लागला. पेपर कोणाचा ते सगळ्यांना माहीत होतं, म्हणून लगेच पकडलं गेलं. मांडवीकाठ म्हणतात ते म्हणून पटलं.

पण एक नाव या धाग्यावर यायलाच हवं. शशिकांत वारिशे, 'महानगरी टाइम्स'चे पत्रकार. रिफायनरी समर्थक असलेल्या एका जमीन-दलालाबद्दलची त्यांची बातमी ६ फेब्रुवारी २०२३ ला छापून आली. त्याच दिवशी राजापुरात त्याच माणसाच्या गाडीने त्यांना उडवलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. खुनाचा गुन्हा दाखल झाला. मोठी आवृत्ती, मोठा समूह पाठीशी नसताना त्यांनी नाव घेऊन लिहिलं. जिल्ह्यातली सगळी पानं मोठ्या समूहांकडे गेली, तर असं नाव छापणारा उरेल कोण, याची मला भीती वाटते.

नेवाडाकर

वारिशे यांच्याबद्दल वाचून थांबलो. कारण मला आमच्या पेपरचीच दुसरी बाजू लिहायची होती आणि ती अशीच आहे.

रिव्ह्यू-जर्नलचे जेफ जर्मन हे अनेक दशकांचे शोधपत्रकार. त्यांनी इथल्या काउंटीतल्या एका निवडून आलेल्या अधिकाऱ्याच्या कार्यालयातला छळ आणि गैरकारभार बाहेर काढला. तो, रॉबर्ट टेलिस, त्यानंतर प्राथमिक निवडणूक हरला. सप्टेंबर २०२२ मध्ये जर्मन यांचा त्यांच्या घराबाहेर भोसकून खून झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये टेलिस दोषी ठरला. हे सगळं ॲडेल्सन कुटुंबाच्या मालकीच्या पेपरात घडलं. पेपरने बातमी छापली, पत्रकाराच्या मागे उभा राहिला, खुनाचा माग काढला.

आधीचे मालकही स्वच्छ नव्हते. स्टीव्ह विन यांच्या हॉटेलातल्या दोन वेट्रेसच्या तक्रारींवरची बातमी १९९८ मध्ये याच पेपरात दाबली गेली होती. ते २०१८ मध्ये याच पेपरने छापून कबूल केलं.

म्हणून मला वाटतं, मालक बदलल्यावर अख्खा पेपर एका बाजूला झुकतो ही कल्पना सोडायला हवी. कुंपण घातलं जातं ते मालकाच्या जमिनीभोवती. बाहेर चांगली पत्रकारिता चालू राहते आणि तीच बघून वाचक निश्चिंत होतो. इथे कसिनो, तिथे खाण, काकांच्या तालुक्यात कारखाना. पण गावाचा सगळा व्यवहार ज्याच्याभोवती फिरतो, नेमकी तीच जागा कुंपणाच्या आत गेलेली असते.

बाजीरावरोड

पटलं. आता उपयोगाचं थोडं. आपल्याकडे ती चौकट कोणाला काढून टाकता येत नाही. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात 'मालक ... यांच्याकरिता मुद्रक, प्रकाशक ... यांनी ... येथे छापून प्रसिद्ध केले' ही ओळ असते, तिथे बातम्यांच्या निवडीला कायद्यानुसार जबाबदार कोण तेही दिलेलं असतं. शिवाय १९५६ च्या नियमांप्रमाणे फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात 'फॉर्म ४' छापावा लागे: मुद्रक, प्रकाशक, संपादक, मालक आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेले भागधारक. १८६७ चा मूळ कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा आला आहे, पण जुन्या अंकांतले फॉर्म कुठे जात नाहीत. ग्रंथालयात मार्चच्या पहिल्या आठवड्याचे अंक वर्षावर्षाने काढले की मालकी कधी, कोणाकडे सरकली ते दिसतं.

मांडवीकाठ

हे माहीत नव्हतं! पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुने अंक आहेत. एकेका पेपरचे मार्चचे अंक आणि त्याच वर्षाच्या जून-जुलैतल्या खाणपट्ट्यातल्या बातम्या शेजारी ठेवून बघते. काका, बातम्यांत आणखी काय पाहू?

माजी_वार्ताहर

ताई, जिल्ह्याच्या पानावरची नावं बघा. मालकी बदलण्याआधीच्या महिन्यात बातमीवर वार्ताहराचं नाव किती ठिकाणी आहे आणि वर्षभरानं किती. नाव जाऊन नुसतं 'प्रतिनिधी' किंवा 'वृत्तसेवा' वाढलं असेल, तर माणसं कमी केलीत असं समजा. माणसं कमी झाली की कंपनीची प्रेसनोट जशीच्या तशी लागते, तोच मजकूर त्याच दिवशी दुसऱ्या पेपरातही शब्दशः सापडेल. ग्रामसभेच्या बातम्या मोजा. ग्रामसभेत खाणीवर, कारखान्यावर लोक बोलतात, तिथं माणूस पाठवला नाही की बातमी दाबायची गरजच पडत नाही. आणि वाचकांची पत्रं सोडू नका. बातमीत जे येत नाही ते पुष्कळदा पत्रात आलेलं असतं. डेस्क पत्रं तेवढ्या बारकाईनं वाचत नाही. आमच्याकडं एफआरपीची यादी शेवटची आली ती एका शेतकऱ्याच्या पत्रातच.